वाचा हरपलेल्या कवीची संमती : काझी नझरुल इस्लाम

काझी नझरुल इस्लाम यांच्या आयुष्याचे दोन भाग पडतात आणि चरित्रकार बहुधा दुसऱ्याची चार ओळींत बोळवण करतात. वास्तविक सत्त्याहत्तर वर्षांपैकी चौतीस वर्षे त्या भागात मोडतात. रुग्णाला बोलता येत नसेल तर त्याच्याविषयीचे निर्णय कोणी व कोणत्या अधिकाराने घ्यावेत, हा प्रश्न त्या वर्षांत पुनःपुन्हा उभा राहतो.

बर्दवान जिल्ह्यातील चुरुलिया येथे २४ मे १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते ४९ व्या बंगाली पलटणीबरोबर कराचीस गेले व १९२० मध्ये कलकत्त्यास परतले. जानेवारी १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विद्रोही’ या कवितेने त्यांना कीर्ती दिली. त्याच वर्षी ‘धूमकेतु’ या आपल्या नियतकालिकातील कवितेबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. १९२३ मध्ये त्यांनी न्यायालयापुढे स्वतःचे निवेदन मांडले आणि शिक्षेनंतर हुगळीच्या तुरुंगात महिन्याहून अधिक काळ उपोषण केले. परक्या सरकारच्या या आरोपीला निदान बोलता येत होते, आणि अन्न नाकारून आपल्या देहावरचा हक्कही त्यांना बजावता आला.

जुलै १९४२ मध्ये त्यांची वाणी व स्मृती ढळू लागली. बागबाजारला लागून असलेल्या श्यामबाजार भागात तेव्हा त्यांचे बिऱ्हाड होते. पत्नी प्रमीलादेवी स्वतः पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्याच वर्षी नझरुल यांना तिलजला येथील लुंबिनी पार्क रुग्णालयात ठेवण्यात आले. मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बसू यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये निघालेल्या या रुग्णालयाला घर दिले होते त्यांचे बंधू, ‘परशुराम’ या नावाने लिहिणारे राजशेखर बसू यांनी. सुमारे चार महिन्यांच्या उपचारांनी गुण आला नाही.

तेव्हा १९१२ चा ल्यूनसी अॅक्ट लागू होता. आप्तांचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम ही त्यातील एक वाट. स्वेच्छेने दाखल होण्याचीही सोय होती. परंतु इच्छा व्यक्तच न करू शकणाऱ्या रुग्णाचे उपचारांविषयीचे मत कसे जाणावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

१९५२ मध्ये चाहत्यांच्या समितीने त्यांना रांचीच्या मनोरुग्णालयात आणि १९५३ मध्ये लंडन व व्हिएन्ना येथे पाठविले. लंडनमध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. व्हिएन्नात हान्स हॉफ यांनी पिक्स डिसीझ हे असाध्य दुखण्याचे निदान केले. प्रमीलादेवी १९६२ मध्ये निवर्तल्या. २४ मे १९७२ रोजी भारत सरकारच्या अनुमतीने त्यांना ढाक्यास नेण्यात आले. १९७६ मध्ये बांगलादेशाचे नागरिकत्वही मिळाले. या साऱ्यामागे जिव्हाळा होता, यात शंका नाही. तथापि जिव्हाळा म्हणजे संमती नव्हे. देशांतर व नागरिकत्व यांसारख्या बाबीही त्यांच्या होकाराविना ठरल्या.

२९ ऑगस्ट १९७६ रोजी ढाक्यात त्यांचे देहावसान झाले. पूर्वी एका गीतात त्यांनी मशिदीजवळ चिरविश्रांतीची इच्छा व्यक्त केली होती. तिला मान देऊन ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांचे दफन झाले. प्रमीलादेवींची कबर मात्र चुरुलियात राहिली.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने माणसाला शहाणपणी आपल्या उपचारांविषयी आगाऊ लेखी सूचना देण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. नझरुल यांच्यापाशी अशा सूचनेच्या जागी एक गीत तेवढे होते, आणि तेही मृत्यूनंतरच प्रमाण मानले गेले.