रेडिओवाले डॉ. केसकर

धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. त्याचे नाव निघाले की आम्हा हुबळी-धारवाडकरांना मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात, गंगूबाई हनगल आठवतात. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत.

केसकरांचा जन्म १९०३ सालचा. तरुणपणी ते असहकाराच्या चळवळीत पडले, काशी विद्यापीठात शिकले आणि पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आले. धृपद शिकलेला हा मराठी माणूस उत्तर प्रदेशातून लोकसभेवर गेला. १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे आले, ते तब्बल दहा वर्षे राहिले.

तेव्हा संस्थाने गेली होती आणि गवयांचा आश्रय तुटला होता. केसकरांनी रेडिओलाच त्यांचा आश्रयदाता केले. जुलै १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू लागला, १९५४ साली रेडिओ संगीत संमेलन भरले. आपले मन्सूर अण्णाही धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते. ज्याला मैफलीचे तिकीट परवडत नव्हते, त्याच्या घरी गवई चालत आला. 'आकाशवाणी' हे नाव देशभर रुळले तेही याच काळात. मूळ नाव म्हैसूरचे, प्रा. गोपालस्वामींनी १९३५ साली काढलेल्या केंद्राचे.

पण माणूस हट्टी. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांच्या धोरणामुळे ती रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सरळ सिलोन लावले. आम्ही सरकारी नोकरीतले. वरच्यांचा हट्ट खाली कसा उतरतो, हे आम्ही रोज पाहतो. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांच्याच खात्याला विविध भारती सुरू करावी लागली.

पेटीचे आम्हांला अधिक लागते. तिच्यावरची बंदी इंग्रजी अमदानीतली, १९४० सालची. केसकरांनी ती उठवली नाही. नाट्यगीतावर वाढलेल्या आणि आरतीलाही पेटी काढणाऱ्या आपल्या लोकांनी एका मराठी मंत्र्याकडून वेगळी अपेक्षा केली असती, तर त्यात चूक काय?

१९६२ ची निवडणूक ते हरले. पुढे नॅशनल बुक ट्रस्टचे काम त्यांनी पाहिले. १९७१ साली पेटीवरची बंदी सैल झाली, तेव्हा ते सत्तेत नव्हते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ते वारले.