पोर्टच्या पिंपातील शुद्धतावादी

१२ मे १८६१. उत्तर पोर्तुगालमधील दोरू नदीला पावसाच्या पाण्याने फुगवटा आला होता. नदीकाठच्या व्हेसूव्हियो मळ्यावरील मेजवानी आटोपून काही प्रतिष्ठित मंडळी नावेने परतत होती. काशांव दा व्हालेरा या अरुंद, खडकाळ घळीत नाव प्रवाहाच्या कचाट्यात सापडली आणि उलटली. नावेत मळ्याच्या मालकीणबाई दोना आंतोनिया फेरेरा होत्या. त्यांच्या घेरदार झग्यात हवा भरली आणि त्या तरंगत काठाला लागल्या, असे आजही त्या खोऱ्यात सांगितले जाते. त्यांच्या सोबतचे बॅरन फॉरेस्टर मात्र बुडाले. शेतकऱ्यांना देण्यासाठी कमरेला बांधलेल्या नाण्यांच्या पट्ट्याने त्यांना तळाशी ओढले, असेही सांगतात. त्यांचा देह कधीच सापडला नाही.

ज्या नदीचा सर्वांत अचूक नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, तिनेच त्यांचा बळी घेतला. पोर्ट वाइनच्या इतिहासात जोसेफ जेम्स फॉरेस्टर हे नाव घेतले जाते ते मुख्यतः या मृत्यूमुळे. परंतु त्याआधीची सतरा वर्षे ते ज्या वादात गुंतले होते, तो वाद त्यांच्या मृत्यूपेक्षाही अधिक रंजक आहे. पोर्टच्या व्यापारावर पोट असलेल्या या माणसाने, बाजारात विकली जाणारी पोर्ट ही खरी वाइनच नव्हे, असे जाहीरपणे लिहिले होते.

फॉरेस्टर यांचा जन्म १८०९ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. त्यांचे काका पोर्तो शहरात ऑफली या वाइनच्या पेढीत भागीदार होते. १८३१ मध्ये बाविशीतला पुतण्या तेथे दाखल झाला. पोर्तुगालमध्ये तेव्हा गादीवरून दोन राजबंधूंचे युद्ध पेटले होते आणि पुढच्याच वर्षी पोर्तोला वेढा पडला. तोफगोळ्यांच्या सावटातही वाइनचा व्यापार चालूच राहिला, यावरून त्या शहराचा आणि त्या धंद्याचा पिंड लक्षात यावा.

पोर्तोमधील इंग्रज व्यापारी हे एक स्वतंत्र बेट होते. त्यांची स्वतःची भव्य सभागृहाची इमारत होती, तेथील मेजवान्या ठरलेल्या होत्या आणि कित्येकांचे पोर्तुगीज भाषेचे ज्ञान बाजारहाटापुरतेच होते. फॉरेस्टर यांना हे बेट अपुरे वाटले. त्यांनी भाषा आत्मसात केली आणि घोड्यावरून, नावेतून, पायी दोरूचे खोरे पालथे घातले. ते उत्तम जलरंग रंगवीत, पुढे छायाचित्रणाची नवी कलाही त्यांनी अवगत केली. पोर्तोमधील इंग्रजांच्या रस्त्याचे त्यांनी १८३४ मध्ये काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. रस्त्यात उभे राहून सौदे करणारे व्यापारी त्यात चेहऱ्यानिशी ओळखू येतात. दहा वर्षांनी त्यातलेच अनेक चेहरे त्यांच्याविरुद्ध उभे ठाकले.

हा वाद समजून घ्यायचा तर पोर्ट कशी तयार होते हे पाहावे लागते. द्राक्षांचा रस आंबू लागला की त्यातील साखरेचा मद्यार्क होतो. ही क्रिया पूर्ण होऊ दिली तर गोडवा संपतो आणि कोरडी वाइन मिळते. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच या रसात द्राक्षांपासून गाळलेला कडक मद्यार्क ओततात. आंबण्याची क्रिया जागच्या जागी थांबते, साखर तशीच राहते आणि पेय एकाच वेळी गोड व जहाल होते. आजच्या प्रचलित प्रमाणानुसार ४३५ लिटर रसात ७७ टक्के तीव्रतेचा सुमारे ११५ लिटर मद्यार्क पडतो आणि ५५० लिटरचे एक पिंप भरते. तयार पोर्टमधील मद्यार्क साधारण १९ ते २२ टक्के असतो. नेहमीच्या वाइनमध्ये तो बारा-चौदाच्या आसपास भरतो.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी ही रीत रूढ नव्हती. १७०३ च्या मेथ्युएन करारामुळे पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात पडू लागली आणि पोर्ट इंग्रजांचे राष्ट्रीय पेय बनली. समुद्रप्रवासात माल टिकावा म्हणून व्यापारी पिंपात थोडी ब्रँडी घालीत. मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. निकृष्ट वाइनला काळा रंग यावा म्हणून एल्डरबेरी या झुडपाची काळी फळे, गोडी यावी म्हणून साखर आणि कैफ यावा म्हणून आणखी ब्रँडी, असा मसाला पडू लागला. अखेरीस १७५६ मध्ये पोर्तुगालचे प्रधान, पुढे पोंबालचे मार्क्विस म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ, यांनी सरकारी कंपनी स्थापन केली, दोरूच्या वाइन प्रदेशाची सीमा आखली आणि एल्डरबेरीची झुडपे उपटून टाकण्याचे फर्मान काढले. तरीही भेसळ पुरती थांबली नाही. त्यात १८२० साल उजाडले. त्या वर्षीची द्राक्षे अपवादाने इतकी गोड निघाली की वाइन आपसूकच गर्द आणि गोड झाली. इंग्रज ग्राहकांना ती चव आवडली आणि दरवर्षी तशीच वाइन मिळावी असा त्यांचा हट्ट सुरू झाला. निसर्गाने एकदा दिलेले दान व्यापाऱ्यांनी ब्रँडीच्या बळावर दरसाल वाटायला घेतले.

१८४४ मध्ये लंडनमध्ये पोर्ट वाइनविषयी चार शब्द सांगणारी एक छोटी पुस्तिका निघाली. लेखकाचे नाव तीवर नव्हते, परंतु ते फार काळ गुप्त राहिले नाही. फॉरेस्टर यांनी तीत भेसळीच्या साऱ्या कृती उघड्यावर मांडल्या होत्या. रसाला पूर्ण आंबू द्यावे, ब्रँडीने त्याची वाट अडवू नये, दोरूची माती आणि तेथील ऊन मिळून जी वाइन देतात तीच लोकांपुढे ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता.

पोर्तोमधील व्यापारी खवळले. प्रत्युत्तरादाखल पुस्तिका निघाल्या, वर्तमानपत्रांतून पत्रे झडली. आपल्याच धंद्याची बेअब्रू करणारा, प्रसिद्धीचा हव्यास असलेला माणूस, अशी त्यांची संभावना झाली. त्यांची स्वतःची पेढीही याच व्यापारावर चालते, ही गोष्ट विरोधकांनी वारंवार पुढे केली आणि ती खोटी नव्हती. ब्रँडी न घातलेली वाइन समुद्रात खराब होते आणि इंग्रज ग्राहकाला गोड व जहाल पेयच हवे असते, हे त्यांचे मुख्य मुद्दे होते. दुसरा मुद्दा तर वादातीतच होता. लंडनच्या खानावळीपासून विद्यापीठांच्या भोजनगृहांपर्यंत लोक पोर्ट मागत होते ते तिच्या ऊबेसाठी. त्यांना दोरूच्या मातीचे देणेघेणे नव्हते.

दोरूच्या डोंगरातून मात्र वेगळा प्रतिसाद आला. अनेक गावांतील शेतकऱ्यांनी फॉरेस्टर यांना पाठिंबा कळवला. त्यामागे वाइनच्या सौंदर्यशास्त्रापेक्षा पोटाचा प्रश्न होता. १८३४ मध्ये बरखास्त झालेली सरकारी कंपनी १८३८ मध्ये पुन्हा अधिकारावर आली होती. तिचे चाखणारे दरवर्षी नव्या वाइनचे नमुने तपासून प्रतवारी लावीत आणि वरच्या प्रतीलाच निर्यातीचा परवाना मिळे. हे चाखणारे काळ्या, गोड, कडक वाइनला वरची प्रत देतात, असा फॉरेस्टर यांचा आरोप होता. पाटीच्या दगडाच्या उतारावर बांध घालून वेली जगवणाऱ्या शेतकऱ्याने स्वच्छ, हलकी वाइन केली तर ती खालच्या प्रतीत जाई आणि मातीमोल भावाने विकली जाई. म्हणजे भेसळ करण्याची सक्ती नव्हती. पण प्रामाणिक राहणे परवडणारे नव्हते. फॉरेस्टर यांच्या साऱ्या लिखाणातला हा भाग सर्वांत सकस आहे. खऱ्या वाइनची व्याख्या कोणती, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु परवान्याच्या जोरावर शेतकऱ्याला एकाच चवीला जुंपणे, हा अन्याय त्यांनी अचूक हेरला होता.

वादाच्या धुराळ्यातही त्यांचे दुसरे काम थांबले नाही. १८४८ मध्ये त्यांनी दोरू नदीचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला. त्यात नदीचे प्रत्येक वळण, खळाळ आणि खडक टिपलेला आहे. वाइन प्रदेशाचा नकाशाही त्यांनी तयार केला. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने वाइनवरील जकातीची चौकशी केली तेव्हा फॉरेस्टर यांची साक्ष झाली. त्याच सुमारास दोरूच्या वेलींवर भुरीची साथ पसरली. पाने आणि घड पांढऱ्या बुरशीने माखू लागले, तेव्हा या रोगाची पाहणी करून त्यावर लिहिणाऱ्यांतही फॉरेस्टर होते. १८५५ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने त्यांना बॅरन हा किताब दिला. आपल्याच देशबांधवांच्या मेजवानीच्या टेबलावर उपरा ठरलेला माणूस परक्या देशाचा सरदार झाला.

मूळ प्रश्नावर मात्र त्यांचा पराभवच झाला. इंग्रज पिणाऱ्याची चव पुस्तिकेने बदलली नाही. १८६० मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी वाइनवरील जकात घटवली आणि तिची सांगड मद्यार्काच्या प्रमाणाशी घातली. हलक्या फ्रेंच वाइन स्वस्त झाल्या. फॉरेस्टर यांची कोरडी, बिनब्रँडीची दोरू वाइन बाजारात आली असती तर तिला हीच घडी अनुकूल होती. पुढच्याच वर्षी व्हालेराच्या घळीत ते बुडाले.

त्यानंतर जे घडले ते फॉरेस्टर यांनाच काय, त्यांच्या विरोधकांनाही सुचले नसते. ज्या पेयाला त्यांनी भेसळ म्हटले, त्याचीच पुढे शास्त्रशुद्ध परंपरा झाली. एल्डरबेरी गेली, साखर गेली. ब्रँडी मात्र राहिली आणि कायद्याने मान्यता पावली. उत्तम वर्षाची पोर्ट बाटलीत वीस-तीस वर्षे मुरवत ठेवणे हे खानदानीपणाचे लक्षण ठरले. मुलाच्या जन्माच्या वर्षी पोर्टचे अख्खे पिंप घेऊन तो सज्ञान होईपर्यंत राखून ठेवण्याची प्रथा इंग्रज घराण्यांत होती. वाइनच्या जाणकारांनी नाक मुरडायचे ते आता स्वस्त पोर्टला. तिला लेमोनेडमध्ये मिसळून पिणारी पबमधील बाई विनोदाचा विषय झाली. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर पोर्ट आणि शेरी या उसन्या नावांनी विकली जाणारी स्थानिक गोड वाइन इतकी स्वस्त होती की ती फुटपाथवरच्या मद्यपींशीच जोडली गेली. एकाच कृतीची दोन पेये, एक तळघरातल्या कुलपात आणि दुसरे खाकी कागदी पिशवीत. दोहोंतला मूळ फरक द्राक्षांचा, मुरण्याचा आणि किमतीचा. पण बोलणाऱ्यांच्या तोंडी तो चारित्र्याचा होऊन बसला.

महाराष्ट्राला आणि गोव्यालाही हा प्रकार अनोळखी नाही. पोर्तुगीज राजवटीने गोव्यात रुजवलेल्या या नावाची गोड, लाल, स्वस्त वाइन तेथील दुकानांत सर्रास मिळते आणि मुंबई-पुण्याच्या पर्यटकांच्या पिशव्यांतून घरोघरी पोहोचलेली आहे. दोरूशी तिचे नाते नावापुरतेच. महाराष्ट्राचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले. त्यानंतर नाशिकच्या कोरड्या वाइनची जाण आलेल्या अनेकांना आता त्या बाटलीची लाज वाटते, जरी त्यांच्यापैकी कित्येकांनी वाइनचा पहिला घोट तिचाच घेतलेला असतो. फॉरेस्टर यांनी या नव्या रसिकांना कदाचित आपल्या बाजूचे मानले असते. मात्र ते बाटलीला हसले नसते. ती कोणी, कशापासून आणि कोणाच्या दबावाखाली भरली, हे त्यांनी आधी विचारले असते.

खुद्द दोरूमध्ये त्यांची कल्पना प्रत्यक्षात यायला जवळजवळ शतक लागले. १९५२ मध्ये फेरेरा या पोर्टच्याच घराण्यातील फेर्नांदो निकोलाव द आल्मेडा यांनी ब्रँडी न घालता दोरूच्या द्राक्षांपासून बार्का व्हेल्या ही कोरडी लाल वाइन तयार केली. पोर्तुगालच्या सर्वांत प्रतिष्ठित वाइनमध्ये तिची गणना होते. व्हालेराच्या घळीतून बचावलेल्या दोना आंतोनियांचे हेच ते घराणे. त्या स्वतः १८९६ पर्यंत जगल्या आणि खोऱ्यातील सर्वांत मोठ्या मळेदार ठरल्या.

१९७६ मध्ये व्हालेरा येथे धरण पूर्ण झाले आणि ज्या खळाळांनी फॉरेस्टर यांची नाव उलटवली ते पाण्याखाली गेले. तेथून आता पर्यटकांच्या बोटी संथपणे जातात. दोना आंतोनियांची फेरेरा आणि फॉरेस्टर यांची ऑफली या दोन्ही पेढ्या विसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच पोर्तुगीज कंपनीच्या मालकीच्या झाल्या. ऑफलीने लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवलेल्या आपल्या उंची पोर्टला आपल्या सर्वांत प्रसिद्ध भागीदाराचे नाव दिले. त्या बाटलीवर बॅरन फॉरेस्टर असे लिहिलेले असते आणि आत नेहमीच्या प्रमाणात ब्रँडी असते.