नाथांची पोथी आणि नाथांची सोंगे

पैठणच्या एकनाथमहाराजांचे घराणे मुळातच विठ्ठलभक्तीचे. पणजोबा भानुदासमहाराजांनी विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीला परत आणली, असे परंपरा सांगते. आईबाप लवकर गेले, आजोबांनी वाढवले, देवगिरीवर जनार्दनस्वामींनी घडवले. हे सगळे कीर्तनात ऐकलेलेच आहे, लांबवत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते नाथांनी हाती आलेल्या जुन्याचे काय केले, यावर.

माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ साली. नाथांपर्यंत तीनशे वर्षे होत आली. पोथी हातानेच उतरवायची. उतरवणाऱ्याला शब्द कळला नाही की तो सोपा घालायचा, कोणी हौसेने स्वतःची ओवीच घुसडायचा. आळंदीला अजानवृक्षाची मुळी माउलींच्या गळ्याला लागली आणि ती काढायला नाथांना बोलावणे आले, ही कथा आपण सांगतो. आम्हाला वाटते, नाथांनी खरी मुळी काढली ती पोथीतली. निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये त्यांनी शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. भागवताच्या एकादश स्कंधावर अठरा हजारांवर ओव्या रचणारे नाथ ते! पण तिथे हात आवरला.

आणि भारुडात? तिथे नाथ एकदम मोकळे. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, गारुडी हे लोक दारोदार येतच होते. चिपळ्या त्याच, संबळ तोच, जोगवा मागायची रीतही तीच. नाथांनी आत परमार्थ भरला. विंचू चावल्याची बोंब उठते, बाया हसतात, आणि तो विंचू कामक्रोधाचा निघतो. ज्याला पोथी वाचता येत नव्हती, त्याच्या अंगणात वेदान्त असा गेला.

आता आमच्या दिंडीतले बघा. मुक्कामाला कोणी दारूवर, हुंड्यावर, मोबाइलवर सोंग आणले की जुनी मंडळी नाक मुरडतात. उलट कोणी चालीत बसत नाही म्हणून अभंगाच्या चरणातला शब्द बदलला, तर टाळकरी तसेच पुढे म्हणतात. आमच्या मते हे नाथांच्या अगदी उलटे झाले. सोंग नवे येऊ द्यावे, त्यात परमार्थ आहे ना, एवढे पाहावे. चरण मात्र गाथा उघडून म्हणावा. हे काहींना रुचणार नाही, पण शंभराव्या वर्षी बोलायचे नाही तर कधी?

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थरामायण युद्धकांडात अपुरे राहिले होते. ते शिष्य गावबाने पुरे केले.