कार्ल फर्डिनांड ब्राउन

कार्ल फर्डिनांड ब्राउन (६ जून, १८५० : फुल्डा, जर्मनी - २० एप्रिल, १९१८ : ब्रुकलिन, न्यू यॉर्क, अमेरिका) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युत प्रवाहात क्षणोक्षणी होणारा बदल डोळ्यांना दाखवणारी ऋण किरण नलिका त्यांनी १८९७ साली प्रसिद्ध केली. दोलनदर्शक अर्थात ऑसिलोस्कोप हे उपकरण याच नलिकेतून विकसित झाले. प्रयोगशाळा, रेडिओदुरुस्ती आणि पुढे मोटारींमधील विजेचे दोष शोधणे अशा अनेक कामांत ते वापरले जाऊ लागले. १९०९ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्राउन यांना गुल्येल्मो मार्कोनी यांच्यासोबत विभागून मिळाले. ते मात्र बिनतारी संदेशवहनातील कार्यासाठी होते.

जीवन

ब्राउन यांचे शिक्षण फुल्डा, मारबुर्ग आणि बर्लिन येथे झाले. तारांच्या कंपनांवरील प्रबंधासाठी १८७२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठात स्थिर जागा नसल्याने १८७४ मध्ये त्यांनी लाइपझिग येथील सेंट थॉमस शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. शाळेतील काम सांभाळून केलेल्या प्रयोगांत त्यांना आढळले की, काही धातूंच्या सल्फाइड स्फटिकांना तारेचे टोक टेकवल्यास वीज एका दिशेने सहज वाहते, तर उलट दिशेने अडते. हा एकदिशीकरणाचा गुणधर्म त्या काळी कोणाच्याही कामाचा वाटला नाही. पुढे बिनतारी लहरी ओळखण्यासाठी स्फटिकांचा उपयोग सुरू झाला. गॅलिना स्फटिकाच्या अशा शोधकाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना मिळाले.

मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्लस्रुहे आणि ट्युबिंगेन येथे अध्यापन केल्यानंतर १८९५ मध्ये ब्राउन स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून परतले. स्ट्रासबुर्ग तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. १८८५ साली त्यांचा विवाह अमेली ब्युलर यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे व दोन मुली होत्या.

ऋण किरण नलिका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतून प्रत्यावर्ती विजेचा प्रसार होत होता. सेकंदाला अनेक वेळा दिशा बदलणाऱ्या या प्रवाहाचे नेमके रूप पाहणे अवघड होते, कारण मोजमापाच्या यंत्रातील काट्याला वजन असते व तो इतक्या वेगाने हलू शकत नाही. ब्राउन यांनी काट्याऐवजी ऋण किरण वापरला. निर्वात नलिकेतील किरण बारीक छिद्रातून जाऊन अभ्रकाच्या पडद्यावर पडे आणि पडद्यावरील लेपामुळे तेथे प्रकाशाचा ठिपका दिसे. नलिकेबाहेरील वेटोळ्यातून तपासायचा प्रवाह सोडला की चुंबकीय परिणामाने ठिपका वर-खाली सरके. फिरत्या आरशातून पाहिले असता त्याची वक्ररेषा होई. स्ट्रासबुर्गच्या वीजकेंद्रातील प्रवाहाचे रूप त्यांनी अशा रीतीने पाहिले.

हा लेख फेब्रुवारी १८९७ मध्ये आला. किरण कशाचे बनलेले आहेत हे तेव्हा ठरलेले नव्हते, जे. जे. थॉमसन यांनी ते ऋणभारित कणांचे असल्याचे त्यानंतर दोनएक महिन्यांनी जाहीर केले. ब्राउन यांनी मात्र किरणाच्या स्वरूपाचा वाद सोडवण्याची वाट न पाहता त्याला कामाला लावले. नलिकेचे पेटंट त्यांनी घेतले नाही. कोणीही ती बनवावी व सुधारावी, अशी मोकळीक त्यामुळे मिळाली. त्यांचे साहाय्यक योनाथन झेनेक यांनी १८९९ साली ठिपका आडव्या दिशेने ठराविक गतीने सरकवण्याची सोय केली आणि आरशाची गरज संपली. आडव्या अक्षावर काळ व उभ्या अक्षावर विद्युत दाब, ही आजच्या दोलनदर्शकाची मांडणी तेथून येते.

मोटारदुरुस्तीतील उपयोग

मोटारीच्या विजेत ब्राउन यांच्यापुढील अडचणच पुन्हा उभी राहते. टेस्ट लॅम्प दाब आहे की नाही एवढेच सांगतो. मल्टिमीटर आकडा देतो, पण तो बहुधा काही काळाची सरासरी असते. सेकंदाच्या हजाराव्या भागात घडून गेलेला दोष दोघांच्याही हाती लागत नाही.

भारतातील उदाहरण घ्यायचे तर कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात सर्वपरिचित असलेली प्रीमियर पद्मिनी घेता येईल. तिच्या डिस्ट्रिब्युटरमधील, म्हणजे मेकॅनिकांच्या बोलीतील डेल्कोमधील, पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते. दोलनदर्शकावर आधी एक उंच उभी रेषा, नंतर साधारण एक-दोन मिलिसेकंदांची ठिणगीची आडवी रेषा आणि शेवटी विरत जाणारी कंपने दिसतात. चारही सिलिंडरांची चित्रे शेजारी ठेवली की दोष वेगळा उठून दिसतो. एकाच सिलिंडरची उभी रेषा फार उंच असेल, तर प्लगमधील अंतर वाढल्याचा किंवा त्याची वायर तुटल्याचा संशय येतो. ती खुजी असेल, तर प्लग काजळलेला असण्याची किंवा वीज वाटेतच गळत असण्याची शक्यता असते.

अल्टरनेटरचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यातील डायोड प्रत्यावर्ती विजेचे एकदिशीकरण करतात, म्हणजे ब्राउन यांना १८७४ मध्ये आढळलेलाच गुणधर्म तेथे राबतो. एक डायोड निकामी झाला तरी मल्टिमीटरवर दाब जवळजवळ ठीक दिसू शकतो. दोलनदर्शकावर मात्र एकसारख्या लहान लाटांमध्ये ठरावीक अंतराने खोल खड्डा दिसतो. १ एप्रिल, २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांच्या गाड्यांत नियंत्रण संगणक व संवेदक मोठ्या संख्येने असल्याने क्रँक संवेदकाचे स्पंद किंवा संगणकांना जोडणाऱ्या दोन तारांवरील संदेश तपासण्यासही हे उपकरण लागते. आजच्या अंकीय दोलनदर्शकात ब्राउन यांची नलिका नसते. पडद्यावरील मांडणी तीच राहिली आहे.

बिनतारी संदेशवहन व अखेरची वर्षे

मार्कोनी यांच्या आरंभीच्या प्रक्षेपकात ठिणगी थेट अँटेनाच्या परिपथात असे व त्यामुळे पल्ला मर्यादित राही. ब्राउन यांनी ठिणगीचा परिपथ वेगळा करून तो वेटोळ्यांमार्फत अँटेनाशी जोडला. १९०० साली कुक्सहाफेन ते हेल्गोलांड बेट या सुमारे ६२ किलोमीटर अंतरावर त्यांच्या पद्धतीने संदेश गेले. या शोधांची पेटंटे मात्र घेतली गेली आणि ती १९०३ साली स्थापन झालेल्या टेलिफुंकेन कंपनीच्या व्यवसायाचा भाग बनली.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीच्या समुद्री तारा तोडल्या गेल्या. लाँग आयलंडवरील सेव्हिल येथील टेलिफुंकेनचे केंद्र अमेरिकेशी संपर्काचा महत्त्वाचा दुवा ठरले. मार्कोनी कंपनीने त्याविरुद्ध पेटंटभंगाचा दावा लावला. साक्ष देण्यासाठी ब्राउन १९१४ च्या अखेरीस झेनेक यांच्यासह न्यू यॉर्कला गेले. त्या वेळी ते ६४ वर्षांचे होते व प्रकृतीही चांगली नव्हती. युद्धामुळे परतीचा मार्ग बंद झाला आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्याच वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. ब्रुकलिनमध्ये मुलगा सीगफ्रीड याच्याकडे राहत असताना २० एप्रिल, १९१८ रोजी ब्राउन यांचा मृत्यू झाला. सात महिन्यांनी युद्ध संपले आणि स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले. त्यांच्या अस्थी १९२१ साली फुल्डा येथे नेऊन पुरण्यात आल्या.

जर्मन व जपानी भाषांत दूरचित्रवाणी संचातील चित्रनलिकेला ब्राउन यांच्या नावाने ओळखले जाते.