जे. सी. कुमारप्पा : यंत्रयुगाला प्रश्न विचारणारा ख्रिस्ताचा अनुयायी

गळीत हंगाम सुरू झाला की मोडनिंब परिसरातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने माढा तालुक्याला पाणी दिले, पाण्याने ऊस दिला आणि उसाने अनेक घरांना सुबत्ता दिली. याच उसाविषयी आणि कारखान्याविषयी काही अवघड प्रश्न एका ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाने धरणाच्या कितीतरी वर्षे आधी विचारून ठेवले होते. त्यांचे नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराण्याचे आडनाव कॉर्नेलियस होते. पुढे त्यांनी कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव स्वीकारले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन ते मुंबईत व्यवसाय करू लागले. त्यानंतर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करताना भारताच्या दारिद्र्याचे मूळ सरकारी कर आणि खर्चाच्या धोरणात आहे, हे त्यांच्या ध्यानी आले.

आपला प्रबंध घेऊन ते १९२९ साली साबरमती आश्रमात गांधीजींना भेटावयास गेले. अंगावर भारी विदेशी पोशाख होता. सारवलेल्या जमिनीवर झाडाखाली बसून सूत कातणारे वृद्ध गृहस्थ हेच गांधीजी, हे कळल्यावर त्याच पोशाखात त्यांनी जमिनीवर बैठक मारली. पुढे तो पोशाख गेला, खादी आली. १९३० च्या सत्याग्रहाच्या काळात काही ख्रिस्ती धर्माधिकारी सरकारची बाजू घेत असताना, अहिंसेचा मार्ग हा ख्रिस्ताचाच मार्ग आहे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. या निष्ठेपोटी त्यांना वारंवार तुरुंगवास घडला.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजींच्या सोबत आलेल्या मंडळींचा खर्चही त्या निधीतून करण्यास त्यांनी नकार दिला. गरिबांसाठी आलेल्या पैशाकडे ते पवित्र ठेव म्हणून पाहत.

त्याच वर्षी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्यांची कर्मभूमी बनली. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, खजुरी व ताडाचा गूळ, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप असे प्रयोग तेथे चालले. १९३८ साली तेथे सुरू झालेले मगन संग्रहालय आजही उभे आहे.

जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. प्रभू येशूचे आचरण व शिकवण यांवरील पुस्तकही याच काळातले. त्यांच्या लेखी हे दोन विषय वेगळे नव्हतेच. बागेतील फळे ओरबाडणारे माकड, पोळ्यासाठी मध साठवणारी मधमाशी आणि पिलांना भरवणारी पक्षीण यांच्या उदाहरणांनी त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या दाखविल्या. सर्वांत वरची पायरी निरपेक्ष सेवेची. कोळसा व खनिज तेल हे संपणारे साठे आहेत. त्यांच्यावर उभारलेली संस्कृती त्या साठ्यांसाठी युद्धे करणारच, हा इशारा त्यांनी दिला. गिरणीत पांढरा केलेला तांदूळ आपले सत्त्व गमावतो आणि ट्रॅक्टर शेण देत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. कारखान्याला सोयीचा ऊस लावून धान्याची जमीन अडविण्यापेक्षा ताडाच्या रसाचा गूळ करावा आणि ती जमीन भुकेलेल्यांसाठी मोकळी करावी, असे त्यांचे मत होते. यंत्राचा त्यांना सरसकट द्वेष नव्हता. माणसाला चाकर बनविणारे यंत्र मात्र त्यांना मान्य नव्हते.

देशाने त्यांचे ऐकले नाही. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीतून ते लवकरच बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तिचा अहवाल १९४९ साली आला, परंतु देश अवजड उद्योगांच्या वाटेने गेला. अविवाहित राहिलेले कुमारप्पा अखेरच्या वर्षांत मदुराईजवळील कल्लुपट्टी येथील आश्रमात राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर ५५ वर्षांनी, २०१५ साली, पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून तंत्रज्ञानाच्या निरंकुश सत्तेविषयी जगाला सावध केले. मगनवाडीतील त्या एकाकी आवाजाशी त्याचे नाते सहज ओळखू येते.

उसाने आपल्या भागातील मुलांची शिक्षणे केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जमिनीखालचे पाणी खोल जात असताना, कोयत्यावरच्या मजुरांची मुले फडात वाढत असताना, यंत्र कोणाची सेवा करते हा कुमारप्पांचा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या शेताचा व घराचा हिशेब मांडताना तो प्रत्येकाने स्वतःला विचारावा. त्यांच्या जीवनाचे स्मरण एवढ्यासाठीच करावयाचे.