आवाजाला झालेली शिक्षा

एखाद्याचे तोंड बंद करायला सरकारला तुरुंगच लागतो असे नाही. परवान्याची किल्ली हाती असली तरी भागते. अमेरिकेतील नटी मे वेस्ट हिच्या वाट्याला दोन्ही आले, म्हणून तिची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

मेचा जन्म १८९३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. बाप मुष्टियोद्धा. पोर लहानपणापासून रंगमंचावर. पुढे ती आपली नाटके आपणच लिहू लागली. १९२६ साली तिने ‘सेक्स’ नावाचे नाटक आणले. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोलिसांची धाड पडली, खटला झाला आणि तिला दहा दिवसांची कैद झाली. आठ दिवसांत सुटली ती पहिल्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होऊन. तुरुंगाने तिचे काही बिघडवले नाही.

मग हॉलिवूड. १९३३ मध्ये तिचे दोन चित्रपट आले आणि दोन्ही तुफान चालले. तिच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोलकरणीच असत, हे आम्हाला खटकते आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण ड्यूक एलिंग्टन या थोर कृष्णवर्णीय संगीतकाराचा वाद्यवृंद १९३४ च्या चित्रपटात घ्यायला लावणारीही हीच. त्याच वर्षी चित्रपटधंद्याने आपली आचारसंहिता कडक केली आणि तिच्या संवादांना कात्री लागू लागली.

खरा घाव बसला तो रेडिओवर. १२ डिसेंबर १९३७, रविवारची संध्याकाळ. एनबीसी या कंपनीच्या केंद्रांवरून एका कॉफी कंपनीच्या खर्चाने चालणारा, घरोघर ऐकला जाणारा विनोदी कार्यक्रम. त्यात आर्च ओबोलर यांनी लिहिलेली आदम-इव्हची नाटिका होती. मे झाली इव्ह. ही इव्ह स्वर्गीय बागेला कंटाळलेली. बायबलात साप बाईला फसवतो, इथे बाईच सापाला पटवते, त्याच्याकडून फळ मिळवते आणि आदमला खाऊ घालते. धर्मग्रंथातली गोष्ट उलटी करून एक बाई हसते आहे, आणि तेही रविवारी! चर्चवाले खवळले, तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेले.

गंमत पाहा. संहिता कंपनीने आधीच वाचून मंजूर केलेली होती. कागदावर बोट ठेवावे असे कोणाला फारसे दिसले नव्हते. आक्षेप होता तो तिच्या बोलण्याच्या ढंगाला, शब्द ओढण्याच्या लकबीला. आवाजाचा गुन्हा कोणत्या कलमात बसवणार?

तरीही बसवला गेला. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यात, सरकारी आयोगाने रेडिओवर सेन्सॉरशिप करू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. पण केंद्रांचे परवाने देणारा आणि त्यांचे नूतनीकरण करणारा आयोग तोच! त्याचे अध्यक्ष फ्रँक मॅकनिंच यांनी संहिता आणि ध्वनिमुद्रण मागवून घेतले, आणि जानेवारी १९३८ मध्ये एनबीसीला कानउघाडणीचे पत्र धाडले. दंड नाही, खटला नाही, बंदीचा हुकूम नाही. केवळ एक पत्र. पण पत्र लिहिणारा उद्या परवान्यावर सही करणार, हे कंपनीला सांगावे लागत नाही. माफ्या मागितल्या गेल्या. त्या कार्यक्रमावर पैसा मिळवणारे सगळे सुखरूप राहिले आणि बाई तेवढी बाहेर फेकली गेली. एनबीसीच्या केंद्रांवर तिचे नाव घेण्यासही मनाई झाली. पुढची दहा-बारा वर्षे रेडिओचे दार तिला जवळजवळ बंदच होते.

तुरुंगाविरुद्ध तिला वकील देता आला होता. या पत्राविरुद्ध अपील कोठे करायचे? पत्र तिच्या नावाने आलेच नव्हते.

त्याच काळात महायुद्ध पेटले. वैमानिक समुद्रावरून उडताना छातीवर जे फुगणारे जॅकेट बांधत, त्याला ते मे वेस्ट म्हणू लागले. शब्द कोशात गेला.

१९५९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने, सीबीएसने, दूरचित्रवाणीसाठी तिची मुलाखत चित्रित केली. तेव्हा आयोगाने ना पत्र लिहिले, ना विचारणा केली. कंपनीने मुलाखत आपणहूनच दाखवली नाही. मे वेस्ट २२ नोव्हेंबर १९८० रोजी हॉलिवूडमध्ये वारली, तेव्हा ती ८७ वर्षांची होती.