खाणीतून आलेला आरोग्यमंत्री

वेल्समधले ट्रेडीगर हे कोळशाच्या खाणींचे गाव. १५ नोव्हेंबर १८९७ रोजी तिथल्या एका खाणकामगाराच्या घरी अनायरिन बेव्हन यांचा जन्म झाला. बोलताना अडखळणारा हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरला. त्याचे वडील १९२५ मध्ये गेले, ते कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत तेव्हा हा आजार नव्हता, त्यामुळे कुटुंबाला भरपाई मिळाली नाही.

पण याच गावात एक वेगळी व्यवस्था होती. खाणकामगारांनी १८९० मध्ये आपली वैद्यकीय मदत संस्था काढली होती. पगारातून दर पौंडामागे काही पेन्स कापले जात आणि त्या पैशातून संस्था डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका नेमत असे. चष्मे आणि कृत्रिम अवयवही त्यातूनच मिळत. वर्गणी कमाईप्रमाणे, उपचार मात्र आजाराप्रमाणे. कादंबरीकार ए. जे. क्रोनिन तरुणपणी या संस्थेत डॉक्टर होते. बेव्हन यांनी गावच्या रुग्णालयाच्या समितीवर काम केले आणि हा हिशेब आतून पाहिला. १९२९ मध्ये ते मजूर पक्षातर्फे खासदार झाले, ते अखेरपर्यंत.

१९४५ मध्ये पंतप्रधान ॲटली यांनी त्यांना आरोग्यमंत्री केले. तेव्हा ब्रिटनमधली काही रुग्णालये देणग्यांवर चालत, काही नगरपालिकांच्या करांवर. श्रीमंत रुग्ण जिथे जास्त, तिथे तज्ज्ञ डॉक्टर जास्त. खाणींच्या गावांत सर्जन मिळणे मुश्कील. (आपल्याकडे मुंबई-पुणे आणि गडचिरोली असे वाचले तरी चालेल.) बेव्हन यांनी जवळपास सगळी रुग्णालये सरकारच्या ताब्यात घ्यायचे ठरवले. रुग्णालये नगरपालिकांकडेच राहावीत, असे मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांचे म्हणणे होते. बेव्हन यांना ते पटले नाही. गरीब पालिकेच्या हद्दीत गरीब रुग्णालय, हेच पुढे चालू राहिले असते.

१९४६ मध्ये कायदा झाला आणि खरी लढाई सुरू झाली, ती आमच्याच व्यवसायाशी. सरकारी नोकर होण्याची भीती डॉक्टरांना होती. शिवाय तिथे फॅमिली डॉक्टर आपली प्रॅक्टिस दुकानासारखी विकत घेत आणि निवृत्त होताना विकत. तो व्यवहार नव्या कायद्याने बंद होणार होता. १९४८च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले, त्यात मत देणाऱ्या दहापैकी साधारण नऊ जण विरोधात होते. योजना सुरू व्हायला पाच महिनेही उरले नव्हते.

बेव्हन यांनी आधी मोठ्या रुग्णालयांतले तज्ज्ञ आपल्याकडे वळवले. सरकारी पगार घेऊन खासगी रुग्ण तपासण्याची मुभा दिली, सरकारी रुग्णालयातच पैसे भरणाऱ्यांसाठी काही खाटा ठेवल्या. फॅमिली डॉक्टरांना पूर्ण पगारी नोकर करणार नाही अशी कायदेशीर हमी दिली. त्यांना नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर पैसे मिळणार होते. प्रॅक्टिस विकण्याचा हक्क गेला, त्याची भरपाई देऊ केली. विरोध ढासळला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

या तडजोडीबद्दल माझे मत सरळ आहे: तिच्याशिवाय योजना उभीच राहिली नसती, आणि तिची किंमत रांगेतला रुग्ण मोजतो. सकाळी वॉर्डात आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात असणाऱ्या तज्ज्ञाकडे लवकर वेळ कोणाला मिळते, हे सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. त्याच १९४६ साली आपल्याकडे आलेल्या भोर समितीच्या अहवालाने पूर्णवेळ सरकारी डॉक्टरांनी खासगी व्यवसाय करू नये, अशी शिफारस केली होती. तो वाद अजून मिटलेला नाही.

योजना सुरू होताच दात आणि चष्म्यांसाठी लोक लोटले. खर्चाचा अंदाज चुकला. टीकाकारांना ही उधळपट्टी वाटली. खरे तर वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी बाहेर येत होती. १९५१ मध्ये कोरिया युद्धाच्या काळात शस्त्रास्त्रांचा खर्च वाढला. अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांचा अर्धा खर्च रुग्णाकडून घ्यायचे ठरवले. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. एवढ्याशा पैशांसाठी कशाला, असे पक्षातल्याच अनेकांना वाटले.

मला ते हट्टी वाटतात, पण चुकलेले वाटत नाहीत. फीमुळे फुकटची गर्दी कमी होते म्हणतात; प्रत्यक्षात रक्तदाबाचा काही त्रास न जाणवणारा रुग्ण आधी गळतो आणि पुढे पक्षाघात होऊन येतो. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. केस पेपर फुकट झाला, पण औषध बाहेरून आणायला चिठ्ठी मिळाली तर फी फक्त खिडकी बदलते.

बेव्हन ६ जुलै १९६० रोजी पोटाच्या कर्करोगाने वारले. इंग्लंडमध्ये १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर लागलेली फी मधली काही वर्षे वगळता आजही आहे. त्यांच्या वेल्सने ती २००७ मध्ये रद्द केली.